झोनामावशीचा पाचवा पेला

व्हर्नल प्रुइटने उभ्या आयुष्यात झोनामावशीला एकच वस्तू आपणहून नेऊन दिली, आणि तिच्यात विष निघालं.

वस्तू म्हणजे कापडी पिशवीभर ढलप्या. ओकच्या लाकडाच्या, अंगठ्याएवढ्या, सगळ्या एका मापाच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातातून चाक सुटलं की त्या हाताला दुसरं काहीतरी लागतं. व्हर्नलच्या हाताला त्या उन्हाळ्यात रंधा लागला होता. त्याची बायको ट्रीव्हा म्हणायची, घरातलं एकही दार आता चौकटीत बसत नाही, याने सगळी चारी बाजूंनी तासून ठेवलीत. थंडीत वारा आत शिरला की त्यालाही बसमध्ये घालून शाळेत सोडून ये म्हणावं.

ऑगस्टमध्ये झोनामावशी पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती स्वतःची लाकडं स्वतः फोडत असे, पण डाव्या हाताने कुऱ्हाड चालवणं तिलाही जमेना. हनीकट खोऱ्यात कुणी कुणाकडे काही मागत नाही. त्यामुळे रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभी राहून, आभाळाकडे बघत, व्हर्नलला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली की यंदा ढलप्या काढायच्या राहिल्या. व्हर्नलही आभाळाकडे बघत म्हणाला की आपल्याला सध्या वेळच वेळ आहे. मग तिने लाकूड कुठलं ते सांगितलं. तिच्या डोंगरमाथ्यावर वादळात पडलेला पांढरा ओक. तीन हिवाळे पाऊस-बर्फ खाऊन त्याचा तुरटपणा धुऊन गेलाय. तोच, दुसरा नाही.

माथा तासाभराच्या चढावर. व्हर्नलचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून क्लचपुरताच उरलेला. आणि घरामागे, सासऱ्याच्या जुन्या शेडमध्ये, कड्या गळून पडलेलं एक पिंप पाकळ्या उघडाव्यात तसं पसरलेलं. फळ्या अस्सल पांढऱ्या ओकच्या. व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात, हे पोरासोरांनाही ठाऊक. मग पिंपाच्याच फळ्या हाताशी असताना झाडामागे कशाला लागायचं? तीन हिवाळे खाल्लेलं लाकूड चांगलं, तर पन्नास खाल्लेलं किती चांगलं असेल, असा त्याने हिशेब मांडला. शेडच्या दाराला गंजकं कुलूप होतं, ते नुसतं ओढल्यावर हातात आलं. फळ्यांना आतल्या बाजूने पांढरट खपली धरली होती. चुना असेल, बुरशी असेल. दोन हात रंधा फिरवला तशी खालून गव्हाळ, स्वच्छ लाकूड निघालं, आणि व्हर्नलला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"माथ्यावरचा का?" झोनामावशीने पिशवीत हात घालून विचारलं.

"ओकच आहे, मावशी," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. खोटं नसलेलं इतकं वाईट वाक्य तो त्याआधी कधी बोलला नव्हता.

हनीकट खोऱ्यात चौदा घरं, चौदाही बॅप्टिस्ट. दारूला कुणी शिवत नाही. खोकला मात्र सगळ्यांना होतो. ऑक्टोबर सरता सरता पहिलं दव गोठलं की प्रत्येक घराच्या ओसरीवर, जळणाच्या ढिगामागे, एक काचेची बरणी येऊन बसलेली असते. आत मधाच्या रंगाचं काहीतरी. ती कुणी ठेवली हे कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बोलत नाही. वसंतात ती बरणी धुऊन झोनामावशीच्या कुंपणाच्या खांबावर परत जाते, आणि रिकामी जात नाही. कुणी घेवड्याचं बी घालतं, कुणी मध, कुणी बटणं. तिने कधी थेंब विकला नाही. शेरीफलाही हनीकटात भट्टी असल्याचं ठाऊक नाही. त्याच्या आईचा खोकला तर खोऱ्यात सगळ्यात जुनाट.

हे सगळं ओडेलपासून सुरू झालं. ओडेल हा झोनामावशीचा थोरला भाऊ. ती सतरा वर्षांची असताना तो डोंगरापलीकडे मक्याची कणसं सोलायला गेला आणि तिथे कुणाच्या तरी भट्टीची प्यायला. त्या माणसाने वाफ थंड करायला जुन्या ट्रकचा रेडिएटर लावला होता, आणि त्यातलं विष दारूत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी ओडेलने अंथरुणातूनच विचारलं, की आज अजून दिवा का नाही लावला. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं. त्यानंतर एकतीस वर्षं झोनाने त्याला हाताला धरून फिरवलं. शेतात, चर्चमध्ये, मागल्या दारच्या संडासापर्यंत. लग्न केलं तेही नवऱ्याला हे आधी सांगून.

लोक प्यायचे थांबणार नाहीत हे तिला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तिने बापाचा तांब्याचा हंडा आपल्या हातात घेतला आणि ठरवलं, की या खोऱ्यात आता माझीच पितील, आणि माझ्या आधी कुणी पिणार नाही.

हंड्यातून उतरलेली धार पाण्यासारखी पांढरी असते आणि घशातून करवतीसारखी जाते. तिला माणसात आणतात त्या ढलप्या. झोनामावशी त्या बिडाच्या तव्यात पसरून भाजायची. वास पावावरून करपत्या साखरेवर गेला की उतरवायच्या. एका बरणीला सात. आठवी घातली तर टेबल प्यायल्यासारखं लागतं, असं ती म्हणे. मग सहा आठवडे बरण्या दक्षिणेच्या खिडकीत. दिवसा ऊन लागलं की दारू लाकडात शिरते, रात्री गारठली की बाहेर येते, आणि येताना रंग घेऊन येते. सहा आठवडे झाले की ढलप्या गाळायच्या आणि झोनामावशीने ओसरीवर खुर्ची टाकायची. सात संध्याकाळी, सूर्य माथ्याआड जाताना, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी ती बसे आणि एक पेला पिई. आठव्या दिवशी तिने सुईत दोरा ओवून बघायचा. ओवला गेला तर बरण्या बाहेर पडायच्या. साठ वर्षांत हा नेम चुकला नव्हता, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण मनातल्या मनात पेले मोजत असे.

त्या वर्षी व्हर्नलने नुसते मोजले नाहीत. रविवारी पहिल्या पेल्याच्या वेळी तो मुद्दाम ट्रक काढून तिच्या घरावरून गेला. तिने पेला त्याच्या दिशेने किंचित उचलला. व्हर्नल घरी येऊन दोनदा जेवला. सोमवारी गेला, मंगळवारी गेला, बुधवारी गेला. दरवेळी ट्रक हळू करायचा आणि परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा ओसरीकडे बघायचा. गुरुवारी, पाचव्या पेल्याला, तिने हात वर केला नाही. उन्हाकडे तोंड असेल, दिसलं नसेल, असं तो म्हणाला. शुक्रवारी खुर्ची रिकामी होती.

शनिवारी सकाळी ट्रीव्हा अंगणात मोठ्या हंड्यात सफरचंदांचा मुरंबा आटवत होती. लांब दांड्याचा लाकडी डाव आणायला ती शेडमध्ये गेली आणि डाव न आणताच परत आली.

"बाबांचं पिंप कुठंय?"

व्हर्नल याच प्रश्नाची वाट बघत होता. पिंपाचं कसं सोनं केलं ते त्याने रंगवून सांगितलं. रंधा कसा फिरला, ढलप्या कशा एका मापाच्या निघाल्या, मावशीने पेला कसा उचलला. ट्रीव्हा ऐकत होती. हंड्यातला मुरंबा खाली लागून त्याचा वास येऊ लागला, तरी ती तिकडे वळली नाही.

"व्हर्नल, ते फवारणीचं पिंप होतं."

मग तिने सांगितलं ते असं. महायुद्धाच्या आधी सफरचंदांना कीड लागायची तेव्हा तिचे बाबा एक पांढरी पूड आणत. शिसं आणि सोमल. ती त्या पिंपात पाण्यात कालवायची, पिंप खेचराच्या घसरगाडीवर चढवायचं आणि झाडं धुवायची. वीस उन्हाळे. एका उन्हाळ्यात वासराने त्या पिंपाची कड चाटली. ते चौथ्या दिवशी मेलं, आणि मरेपर्यंत मागचे पाय ओढत अंगणात फिरत होतं. ट्रीव्हा तेव्हा सहा वर्षांची होती, पण त्या पायांचा आवाज तिला आठवत होता. त्यानंतर बाबांनी पिंप शेडमध्ये टाकून कुलूप लावलं.

"कुलूप कशाला लावलं होतं वाटलं तुला?" ती म्हणाली. "पिंप पळून जाईल म्हणून?"

व्हर्नल बोटं मोजत होता. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू. पाच. त्याने पुन्हा मोजली, पुन्हा पाचच आली. ट्रकची किल्ली खिशात शोधताना हाताला एक ढलपी लागली. ती कशी झाली आहे ते बघावं म्हणून त्याने ठेवली होती. त्याने ती विंचू झटकावा तशी जमिनीवर टाकली, मग वाकून रुमालात धरून उचलली.

झोनामावशीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. तिच्या दारावर कुणी टकटक करत नाही, हाक मारून आत जायचं. व्हर्नलने हाक मारली, आणि आतून उत्तर यायला जो वेळ लागला त्यात त्याचं तिचं प्रेत पाहून झालं, खांदा देऊन झाला, पुरूनही झालं.

"ये," ती आतून म्हणाली. "चूल विझलीय, कॉफी मिळायची नाही."

ती पलंगावर होती. तोंड राखेच्या रंगाचं, शेजारी घमेलं. खोलीत लसणाचा वास कोंदला होता, आणि झोनामावशीने घरात लसूण कधी आणला नव्हता. तो तिच्या श्वासाचा वास होता. शुक्रवारपासून पोटात काही ठरत नाही, म्हणाली. कोबी बाधला. मग ती पांघरुणाकडे बघत म्हणाली, "माझे पाय तिथे आहेत का बघ रे. मला लागत नाहीयेत."

व्हर्नलने पांघरूण वर केलं. पाय होते. त्याने दोन्ही तळवे हातात धरले.

"धरलेस का?" तिने विचारलं.

तो "हो" म्हणाला आणि तिथेच सगळं सांगून टाकायला त्याने तोंडही उघडलं. पण डोळ्यांसमोर वासराचे पाय आले आणि तोंड पुन्हा मिटलं. एवढंच विचारलं, की बरण्या कुठे आहेत.

"तळघरात. दिवस भरायचेत अजून." ती थांबली. "एक सोडून."

गुरुवारी सकाळी चर्चचे थर्मन पाळक कुंपणापाशी असे खोकत होते की आता फुप्फुसं हातात येतात असं वाटलं. रविवारचं प्रवचन तोंडावर आलेलं. चार पेले पोटात जाऊन ती स्वतः धडधाकट होती. साठ वर्षांत पहिल्यांदा तिने नेम मोडला आणि एक बरणी त्यांच्या ओसरीवर ठेवली.

व्हर्नलने तिला रजईसकट उचललं. दुसरीतल्या पोराच्या दप्तराएवढं वजन. इस्पितळात जाणार नाही, असं ती ट्रकपर्यंत सांगत होती, आणि ट्रकमध्ये बसल्यावर सांगायचीही थांबली. त्यामुळे तो अधिक घाबरला.

थर्मन पाळकांचं घर त्याच रस्त्यावर. व्हर्नलने इंजिन चालू ठेवून भोंगा दाबून धरला. पाळक गळ्याला मफलर गुंडाळून फाटकाशी आले. आता विचारायचं कसं? चाळीस वर्षांत या खोऱ्यात कुणी बरणी हा शब्द पाळकांसमोर काढला नव्हता, आणि पाळकांनी तो सगळ्यांसमोर न काढण्याची काळजी घेतली होती.

"पाळकसाहेब," व्हर्नल म्हणाला, "जी बरणी तुमच्याकडे नाही, तिचं झाकण उघडू नका."

"जी नाही ती मी कशाला उघडीन?" पाळकांनी प्रवचनाच्या आवाजात विचारलं.

"उघडली असेल तर सांगा. आत्ता सांगा."

पाळकांनी ट्रकच्या खिडकीतून आत बघितलं. झोनामावशीचं डोकं काचेला टेकलं होतं आणि डोळे अर्धे उघडे होते. त्यांचा प्रवचनाचा आवाज कुठल्या कुठे गेला. "समजा," ते म्हणाले, "समजा एखाद्याने घेतली असेल, तर किती घेतल्यावर काय होतं?"

"किती घेतली?"

"दोन चमचे. काल. मध घालून."

"बरणी घ्या आणि मागे बसा."

तालुक्याच्या गावापर्यंत चाळीस मिनिटं लागतात. व्हर्नलने शाळेच्या बसने या वळणांवर तीस वर्षांत एक आरसा फोडला नव्हता. त्या दिवशी तो कसा गेला ते त्याला आठवत नाही. आठवतो तो आरशातला देखावा: मागच्या हौद्यात पाळक, मफलरमध्ये गुंडाळलेली बरणी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून, ओठ हलताहेत, आणि प्रार्थना कुणासाठी चालली आहे ते समजत नाही. शेजारी झोनामावशी. तिचा हात व्हर्नलने आपल्या मांडीवर घेतला होता. गिअर बदलताना सोडायचा आणि पुन्हा शोधायचा. दर वेळी तो हात आधीपेक्षा गार लागायचा.

इस्पितळातला डॉक्टर कुठल्या तरी सपाट राज्यातून आलेला कोवळा मुलगा होता. काय खाल्लं, त्याने विचारलं. "कोबी," झोनामावशी म्हणाली. पाळकांनी छताकडे बघितलं. डॉक्टरने तिच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला, पायाला सुई टोचून बघितली, आणि दोघांना बाहेर नेऊन म्हणाला की हा कोबी नाही, आणि खरं काय ते कळलं नाही तर हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे.

व्हर्नलसमोर आता दोन भीत्या उभ्या होत्या. बोललं तर कागदावर येईल, कागद शेरीफकडे जाईल, आणि शेरीफला मग हनीकटात भट्टी आहे हे माहीत असावंच लागेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहील. न बोललं तर संध्याकाळ. खरं तर तिसरीही होती. बोललं की ते खरं होणार होतं. आतापर्यंत फक्त ट्रीव्हाला ठाऊक होतं.

त्याने रुमाल सोडला आणि ढलपी डॉक्टरच्या हातावर ठेवली. पिंप, वासरू, पाच पेले, सगळं एका दमात. त्याचं झाल्यावर पाळकांनी मफलर उलगडून बरणी टेबलावर मांडली, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "माझी आहे. दोन चमचे कमी दिसतात ते माझ्यात आहेत."

डॉक्टरने कागदावर एवढंच लिहिलं की बागेतल्या फवारणीचं जुनं विष पोटात गेलं आहे. कशातून गेलं ती जागा त्याने कोरी सोडली. पाळकांना दोन चमच्यांनी पोटदुखीपलीकडे काही होणार नाही, म्हणाला. म्हातारीचं सांगता येत नाही. दर चार तासांनी कमरेत सुई, आणि तीन दिवस काढले तर मग बोलू.

ते तीन दिवस व्हर्नलने बाकावर काढले. खोऱ्यातून माणसं आली, जेवणाचे डबे ठेवून गेली. कुणी काही विचारलं नाही. विचारत नाहीत याचा अर्थ सगळ्यांना कळलं आहे, हे त्याला कळलं. पाळक शेजारी बसायचे आणि दर तासाला खिडकीच्या काचेत आपली जीभ बघायचे. "काळी पडलीय का रे?" ते हळूच विचारत. व्हर्नल बघून सांगायचा, नाही. एरवी त्याला हसू आलं असतं. पडद्यामागून सुईच्या वेळी झोनामावशीचा आवाज यायचा. ती ओरडत नव्हती. ती ओडेलशी बोलत होती, पायरी आहे, पाय उचल, पायरी आहे. तो आवाज आला की व्हर्नल उठून पायऱ्यांपर्यंत जायचा आणि तो थांबला की धावत परत यायचा, कारण थांबलेला आवाज आलेल्या आवाजाहून वाईट होता.

आणखी एक गोष्ट त्या बाकावर त्याच्या मनात घुसली. डॉक्टर सहज बोलून गेला, की या विषाने कधीकधी पहिल्याच घोटाला तोंडात लोखंडाची चव येते.

चौथ्या दिवशी तिने कॉफी मागितली आणि इस्पितळातल्या कॉफीला नावं ठेवली. सहाव्या दिवशी ती उशीला टेकून बसली असताना व्हर्नलने टोपी हातात घेऊन तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"माथ्यावरचा का, म्हणून विचारलं होतं मी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

ती घरी आली ती काठी घेऊन. गुडघ्याखाली पाय जडच राहिले, केसांची वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली. तळघरातल्या तेरा बरण्या आणि उरलेल्या फळ्या व्हर्नलने आणि ट्रीव्हाने झऱ्यापासून लांब, चिकणमातीत पुरुषभर खड्डा खणून सिमेंटखाली गाडल्या. त्या हिवाळ्यात हनीकटातले लोक पहिल्यांदाच नुसते खोकले. जळणाच्या ढिगामागे बघायची सवय मात्र सुटली नाही. बघायचे, आणि काही नाही असं पाहून लाकूड घेऊन आत जायचे.

व्हर्नल रोज सकाळी तिचं जळण आणून ठेवायचा, राख काढायचा, पाणी भरायचा. ती त्याच्याशी कामापुरतं बोले. दार लाव. ते लाकूड ओलं आहे. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला झोप लागली असती. रात्री पडल्यापडल्या त्याच्या डोक्यात लोखंडाची चव घोळायची. मका कुठल्या उतारावरचा आहे हे जी बाई एका थेंबात सांगते, तिला पहिल्याच पेल्यात कळलं नसेल? आणि कळलं असेल तर तिने दुसरा का घेतला? तिसरा? तो स्वतःच उत्तर द्यायचा आणि स्वतःच उठून बसायचा. कारण रोज त्याच वेळी, आशाळभूत तोंड करून, रस्त्यावरून हळूहळू कोण जात होतं? आपण वाट बघतोय हे तिला दिसत होतं. आपलं मन मोडू नये म्हणून तिने पाचही पेले रिचवले असतील, तर तिला एकदा लाकडाने मारलं आणि चारदा चेहऱ्याने. ट्रीव्हाला सांगितलं तर ती म्हणाली, तिलाच विचार. त्याची हिंमत होईना. ती "हो" म्हणाली तर तो "हो" उरलेल्या आयुष्यात कुठे ठेवायचा?

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तो माथ्यावर चढला. गुडघ्याने वाटेत तीनदा खाली बसवलं. तो पांढरा ओक शोधून काढला, फोडला, आणि चार दिवसांत खांद्यावरून थोडा थोडा करून उतरवला. शेवटची मोळी ओसरीसमोर टाकली तेव्हा झोनामावशी खुर्चीत बसली होती. तिने काठीने एक फोड जवळ ओढली, नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. बरं आहे असं म्हणाली नाही, पण फेकूनही दिली नाही.

व्हर्नल पायरीवर बसला. पाठ तिच्याकडे केली, कारण तोंड तिच्याकडे करून ते विचारता आलं नसतं. खालच्या रस्त्याकडे बघत त्याने सगळा हिवाळा गिळलेलं एका दमात बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाला होता की चव लागते. तिची जीभ काय आहे ते साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. आणि तो रोज समोरून जात होता.

"मावशी, खरं सांग," तो म्हणाला. "तुला कळलं होतं ना? माझं मन राखायला प्यायलीस ना तू?"

काठी ओसरीच्या फळीवर एकदा आपटली.

"कळलं असतं तर दुसरा पेला तुझ्या नरड्यात ओतला असता."